तगाद्याची किंमत

पिग्मी म्हणजे आफ्रिकेच्या जंगलात राहणारे बुटके लोक, हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ते भेटले तेव्हा मी चक्रावलोच होतो. कारण तोवर पिग्मी म्हणजे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दुकानात येणारे, खांद्याला रेक्झिनची बॅग अडकवलेले, घामानं कॉलर भिजलेले एक काका. आमच्या चिखलीत (जि. बुलडाणा, घाटावर) सगळं मार्केट त्यांना 'पिग्मी' म्हणायचं. 'पिग्मी आली का?' असं स्त्रीलिंगी. काका मात्र चांगले सहा फूट उंच होते :-)

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वाढलेल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. पिग्मी म्हणजे रोजची बचत. बँकेचा किंवा पतसंस्थेचा एजंट रोज तुमच्या दुकानात, टपरीवर, हातगाडीवर येतो. तुम्ही दहा, वीस, पन्नास, जे ठरलं असेल ते देता. तो कार्डावर लिहितो (आता मशीनमधून चिठ्ठी निघते) आणि पुढच्या दुकानात जातो. वर्षानं किंवा जी मुदत असेल तिच्या शेवटी पैसे एकदम मिळतात. बस, इतकंच.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या हापिसात 'अकाउंटॅबिलिटी पार्टनर' या प्रकारानं घातलेला धुमाकूळ. कोणी मॅरेथॉनची तयारी करतंय, कोणी सर्टिफिकेशनचा अभ्यास, कोणी सिगरेट सोडतंय. आणि प्रत्येकानं कोणाला तरी 'तू मला विचारत जा रे' म्हणून सांगून ठेवलंय. पहिले दोन आठवडे विचारणारा विचारतो, सांगणारा सांगतो. मग दोघंही एकमेकांना टाळायला लागतात. मला प्रश्न असा पडला की हीच गोष्ट आमच्या मार्केटात वर्षानुवर्षं बिनबोभाट कशी चालली? आठवी नापास पानवाल्याला जे जमलं ते एमटेक झालेल्या टीम लीडला का जमू नये? म्हणून या वीकेंडला पिग्मीचा इतिहास खणून काढला. तो निघाला भलताच रंजक.

सुरुवात होते उडुपीत. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातलं, समुद्रकाठचं छोटं गाव. १९२५ साली तिथे तिघांनी मिळून आठ हजार रुपयांच्या भांडवलावर 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट' काढली. हातमाग विणकरांचा धंदा बसला होता, त्यांना हात द्यावा हा उद्देश. तिघांत एक व्यापारी, उपेंद्र अनंत पै. एक डॉक्टर, टी. एम. ए. पै (मणिपालचं सगळं शैक्षणिक साम्राज्य उभं करणारे तेच). आणि तिसरे वामन कुडवा, चक्क इंजिनिअर! इंजिनिअर लोकांनी आपलं काम सोडून भलत्याच क्षेत्रात घुसायची परंपरा जुनी आहे तर. पुढे हीच सिंडिकेट बँक झाली.

१९२८ मध्ये या बँकेनं पिग्मी ठेव सुरू केली. एजंट घरोघर जाऊन रोज अगदी दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचा. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग. एवढ्याशा रकमेसाठी माणूस पाठवायचा, तिची नोंद ठेवायची, पावती द्यायची... कुठल्याही हिशोबनीसानं कपाळाला हात लावला असता. बरं, गरिबाला पैसे ठेवायला जागाच नव्हती असंही नाही. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून देशभर सुरू होती. पण पोस्टात तुम्हाला जावं लागतं. म्हणजे हातातलं काम सोडायचं, पोस्टाच्या वेळेत पोचायचं, रांगेत उभं राहायचं, फॉर्म भरून घ्यायला कोणाची तरी मनधरणी करायची. आणि मुख्य म्हणजे आज संध्याकाळी हातात पडलेला पैसा उद्या सकाळी पोस्ट उघडेपर्यंत टिकवून धरायचा.

ही मधली संध्याकाळ हाच सगळा घोटाळा आहे. संध्याकाळी मेव्हणा येतो, पोराला भजी हवी असतात, मित्र 'चल, बसू' म्हणतो. पै मंडळींनी ओळखलं ते हे. संध्याकाळ व्हायच्या आत, पैसा गल्ल्यात असतानाच, माणूस समोर उभा करायचा.

आयडिया इतकी चालली की बाकीच्या बँकांनी, पतपेढ्यांनी ती उचलली. 'पिग्मी' हे त्या एका योजनेचं नाव सगळ्या रोजच्या बचतीचं नाव होऊन बसलं, जसं झेरॉक्स किंवा डालडा. सिंडिकेट बँकेचं १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालं आणि १ एप्रिल २०२० रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली. बँकेचं नाव गेलं, पिग्मी उरली. सरकारनंसुद्धा या कल्पनेची आपली आवृत्ती काढली. १९७२ पासूनची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. पोस्टाच्या आरडीचे पैसे गोळा करायला घरोघरी येणाऱ्या बायका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांना मिळणारं कमिशन चार टक्के. म्हणजे पोस्टालाही नव्वद वर्षांनी कळलं की नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. वऱ्हाडात पैसा म्हणजे कापूस. खामगावला कापसासाठी १८७० सालीच रेल्वेचा फाटा आला होता, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता. कापसाचा पैसा येतो वर्षातून एकदा आणि खर्च होतो वर्षभर. मधल्या काळात सावकार. तेव्हा 'तगादा' हा शब्द आमच्याकडे जो रुजला तो सावकाराचा. दारात उभा राहून मागणारा म्हणजे वसुलीवाला.

त्यावर उपाय म्हणून १९०४ साली इंग्रजांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. मॉडेल जर्मनीतलं, राइफायझन नावाच्या गृहस्थाचं. ग्रामीण संस्थेसाठी त्यात एक जबरदस्त कलम होतं, 'अमर्यादित जबाबदारी'. म्हणजे संस्थेचं कर्ज बुडालं तर प्रत्येक सभासदाच्या शेताघरापर्यंत ते पोचणार. कागदावर बघितलं तर अकाउंटॅबिलिटीचं याहून कडक डिझाइन मिळणार नाही. शेजाऱ्यानं हप्ता चुकवला तर माझं घर जाईल, म्हणून मी त्याच्यावर लक्ष ठेवीन, तो माझ्यावर ठेवील. सगळं गाव एकमेकांचं अकाउंटॅबिलिटी पार्टनर!

पण गावात राहिलेल्या कोणालाही विचारा. ज्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं, ज्याच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढायची, त्याला तोंडावर 'हप्ता का नाही भरला?' कोण विचारणार? शिवाय विचारणाऱ्याचाही हप्ता थकलेला असतोच. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, वऱ्हाडातल्या सोसायट्यांची थकबाकी फुगली आणि हे डिझाइन भुईसपाट झालं. दुष्काळ, मंदी, भाव ही मोठी कारणं आहेतच, ती मी नाकारत नाही. पण चांगल्या वर्षांतही शेजाऱ्याला शेजाऱ्याकडे तगादा लावता येत नव्हता, असं माझं मत आहे. अतिजवळचा माणूस या कामाचा नाही.

पिग्मी आमच्याकडे फोफावली ती बऱ्याच नंतर, पतसंस्थांच्या लाटेत. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे 'बुलडाणा अर्बन'. १९८६ साली राधेश्याम चांडक (सगळे त्यांना भाईजी म्हणतात) यांनी ७२ सभासद आणि १२ हजार रुपये भांडवलावर ती सुरू केली. आज आशिया खंडातल्या सर्वांत मोठ्या सहकारी पतसंस्थांत तिचं नाव घेतात. तिच्या आगेमागे गावोगाव लहानमोठ्या पतसंस्था निघाल्या. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदा, नोकरदाराचा महिन्यातून एकदा. पण तालुक्याच्या गावात एक तिसरी जमात असते, जिच्या हातात रोज पैसा येतो आणि रोज जातो. पानवाला, सायकलवाला, केशकर्तनवाला, भाजीवाली, शिंपी. या लोकांसाठी पिग्मी एकदम फिट्ट बसली.

माझे बाबा शिंपी. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर दहा बाय बाराचं दुकान, दोन मशीन, एक कारागीर. लग्नसराई, दिवाळी आणि जूनमधले शाळेचे युनिफॉर्म हे कमाईचे दिवस. पितृपक्षात माशा मारायच्या. मी दुसरी-तिसरीत असताना त्यांनी वीस रुपये रोजाची पिग्मी सुरू केली.

ही गोष्ट चालायची कशी ते मी इतकी वर्षं रोज बघितलं, पण लक्षात आता येतंय. काका यायचे ती वेळ पक्की. साडेसहा म्हणजे साडेसहा. आधी कटलरीवाला, मग आम्ही, मग बूटहाऊस. त्यामुळे सहा वाजले की बाबा न सांगता गल्ल्यातून वीसची नोट काढून मापाच्या वहीखाली ठेवायचे. काका येण्याआधीच पैसे वेगळे झालेले असत. म्हणजे खरं काम काका येण्यानं होत नव्हतं, ते येणार आहेत यानं होत होतं.

दुसरं, नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणावं लागायचं. मोबाइलवरचं नोटिफिकेशन आपण अंगठ्यानं सरकवून टाकतो, त्याला काही वाटत नाही. इथे सहा फुटी माणूस समोर उभा आहे, दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलीत, कारागीर काज करता करता कान देऊन ऐकतोय, आणि आपल्याला म्हणायचंय, "आज काई नाई राजेहो, उद्या या." बाबा हे वाक्य वर्षातून आठ-दहा वेळा म्हणत. म्हणताना मशीनवरून मान वर करत नसत.

आणि काका काय म्हणायचे? काहीच नाही! "बरं" म्हणून पुढे. उपदेश नाही, 'अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतो' नाही, दंड नाही. दुसऱ्या दिवशी परत साडेसहाला हजर, कालचं काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण एक दिवस धावायला गेलो नाही की दुसऱ्या दिवशी त्या मित्राचा फोन उचलायची लाज वाटते, मग तिसऱ्या दिवशी जास्त, आणि आठवड्यात मॅरेथॉन बारगळते. काकांकडे चुकलेल्या दिवसाला तोंड लपवायची गरजच नव्हती. कार्डावर एक घर रिकामं राहायचं, एवढंच. ते घर मात्र दिसत राहायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे काकांचा यात स्वतःचा स्वार्थ होता. आमच्याकडच्या पतसंस्थेत एजंटाला कमिशन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास. बाबांनी वीस रुपये दिले तर काकांचे साठ पैसे. बाबांनी नाही दिले तर काकांचे साठ पैसे बुडाले. म्हणून ते पावसात यायचे, उन्हात यायचे, आमच्या आजीच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही आले होते. मित्राला आपण विचारायला सांगतो तेव्हा त्याला त्यात काय मिळतं? उलट वाईटपणा मिळतो. बॉसला विचारायला सांगितलं तर तो अप्रेझलमध्ये लक्षात ठेवेल. पिग्मीवाला या दोघांच्या बरोबर मधे. ओळखीचा, पण घरातला नाही. मागणारा, पण शिक्षा करू न शकणारा.

बाबांनी एकदाच, कार्ड काढताना, पैसे कशासाठी ते सांगितलं होतं. "पोराच्या शिक्षणासाठी." पुढे दर वर्षी काका मला विचारायचे, कितवीला गेला रे? वीसाचे तीस झाले, पन्नास झाले, दहावीनंतर शंभर झाले. दर वर्षीची रक्कम बाबा तिथेच मुदत ठेवीत टाकायचे. २०१५ मध्ये माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेलचं डिपॉझिट त्यातून गेलं. पैसे काढायच्या दिवशी काकांनी स्वतः फॉर्म भरून दिला आणि 'ब्रँच कोणती?' एवढंच विचारलं.

आता थोडं गणित. (इंजिनिअरचा ब्लॉग आहे, सहन करा.) पिग्मीवर व्याज अगदीच किरकोळ मिळतं, कारण एजंटाचं कमिशन त्यातूनच वळतं होतं. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य आणि वर कमिशन कापून घेतात. कॉलेजात असताना मी बाबांना तावातावानं हे समजावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिग्मी चालूच ठेवली.

पण जगात याहून 'वेडे' व्यवहार चालतात. स्टुअर्ट रदरफर्ड या लेखकानं विजयवाड्याच्या झोपडपट्टीत बचत गोळा करणाऱ्या एका बाईची पद्धत लिहून ठेवली आहे. ती ग्राहकाला २२० चौकोनांचं कार्ड देते. रोज पाच रुपये दिले की एक चौकोन भरला. सगळे भरले की ११०० रुपये झाले. त्यातले शंभर ती स्वतः ठेवते आणि हजार परत करते. म्हणजे व्याज उलटं! सरासरी शिल्लक ५५० धरा, त्यावर २२० दिवसांत शंभर रुपये म्हणजे साधारण १८ टक्के, आणि वर्षाचा हिशोब केला तर ३० टक्के. स्वतःचेच पैसे साठवण्यासाठी माणसं वर्षाला ३० टक्के मोजतात. पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये, 'सुसू' गोळा करणारे लोक हेच करतात. महिनाभर रोज ठरलेली रक्कम घ्यायची आणि महिनाअखेर एका दिवसाची रक्कम ठेवून बाकी परत द्यायची.

ही माणसं मूर्ख आहेत असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं ते व्याजाचा हिशोब करतच नाहीत, ते पगार देताहेत. 'मला रोज विचारायला ये' या कामाचा पगार. तगाद्याची किंमत.

यावर रीतसर प्रयोगही झालेत. नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी फिलिपिन्समधल्या मिंदानाव बेटावर एका ग्रामीण बँकेच्या ग्राहकांना घरी येऊन ठेव गोळा करायची सोय देऊ केली. २००६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे सांगतात की ज्यांना ही सोय देऊ केली त्यांची बचत इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसती देऊ केली, सगळ्यांनी घेतलीही नव्हती. त्याच बँकेत पुढे सिगरेट सोडण्याचा प्रयोग झाला. सिगरेट सोडू इच्छिणाऱ्यानं बचत खातं काढायचं, सहा महिने त्यात पैसे भरायचे, आणि शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडलं तर सगळे पैसे जप्त. पैसे न्यायला दर आठवड्याला माणूस दारात. १०० जणांना विचारलं तर ११ तयार झाले. पण ज्यांना ही ऑफर मिळाली त्या गटात सिगरेट सोडणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा तीन टक्के-अंकांनी जास्त निघालं आणि वर्षानं अचानक तपासलं तेव्हाही ते टिकून होतं. सिगरेटची पिग्मी!

यावर आपल्यातला कोणी म्हणेल, कशाला एवढं, एसआयपीला ऑटो डेबिट लावा आणि विसरून जा. बरोबर आहे. पगाराच्या बाबतीत हेच उत्तम. अमेरिकेत थेलर आणि बेनार्त्झी यांनी 'पगारवाढ झाली की बचतही आपोआप वाढेल' अशी योजना एका कंपनीत लावली, तर त्यात शिरलेल्या कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली. कोणी विचारायला आलं नाही, कोणाला तोंड दाखवावं लागलं नाही. पण त्यासाठी एक तारीख लागते, जिला पैसे येतात. बाबांना तशी तारीख नाही. आणि तुमच्या-माझ्या ज्या गोष्टी खरंच अडलेल्या असतात त्यांना ऑटो डेबिट लावताच येत नाही. पहाटेचं धावणं, रखडलेला थीसिस, आईला रोज फोन करणं, सिगरेट. तिथे कोणीतरी साडेसहाला यावंच लागतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या घरी याचा नमुना बघायला मिळाला. काका येणं बंद झालं. दुकान बंदच होतं, पण बाबा घरी मशीन आणून मास्क शिवत होते, रोजचे थोडे पैसे येत होते. 'काकांचे' म्हणून त्यांनी बिस्किटाच्या डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस टाकले. मग डबा आईनं किराण्यासाठी उघडला, मग कोणीच टाकले नाहीत. पंधरा वर्षांची सवय म्हणतो आपण. सवय कसली! सवय काकांना होती, यायची.

असो. इथवर लिहून थांबलो असतो तर पिग्मीची जाहिरात झाली असती. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती जरा कडू आहे.

पहिली कडू गोष्ट खुद्द एजंटांची. इतकी वर्षं बँका म्हणत होत्या की हे आमचे नोकरच नाहीत, कमिशनवर काम करणारे स्वतंत्र लोक आहेत. प्रकरण लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१ साली न्यायालयानं निकाल दिला की सिंडिकेट बँकेचे हे ठेव गोळा करणारे लोक कामगारच आहेत, आणि लवादानं त्यांना ठरवून दिलेली किमान रक्कम वगैरे कायम ठेवली. म्हणजे १९२८ पासून ७० वर्षं ज्यांच्या पायांवर योजना चालली त्यांना 'तुम्ही आमचे' म्हणायला कोर्ट लागलं. गावोगावच्या पतसंस्थांचे एजंट आजही बहुतेक कमिशनवरच आहेत.

दुसरी गोष्ट. पिग्मीत उत्तरदायी कोण असतं? बाबा. रोज बाबांना विचारलं जातं. पण बाबांचे वीस रुपये ज्या इमारतीत जातात, तिथल्या लोकांना रोज कोण विचारतं? २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला परवाना नाकारला, सोबत नागपूर आणि वर्धा जिल्हा बँकांनाही. ठेवीदारांचे पैसे अडकले. पुढे सरकारी मदतीनं बँक पुन्हा उभी राहिली, पण मधली वर्षं लोकांनी काढली ती काढलीच. आमच्या शेजारच्या जळगावची बीएचआर मल्टिस्टेट बुडाली, २०१५ साली तिच्यावर अवसायक नेमला गेला. आणि लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

माझ्या मावशीचं उदाहरण सांगतो. तिची पतसंस्था वेगळी, नाव नको. नऊ वर्षं तिनं चहाच्या गाडीवरून पिग्मी भरली, एक दिवस फारसा चुकला नाही. एक दिवस संस्थेच्या दाराला कुलूप. लोक गेले कुणाकडे? अध्यक्ष, संचालक कोणाला माहीत होते? लोक गेले एजंटाच्या घरी, कारण चेहरा त्याचाच ओळखीचा. त्याची स्वतःची ठेवसुद्धा तिथेच होती. त्यानं बायकोचे दागिने मोडून काही जणांचे थोडेफार दिले, मावशीचे नाही देऊ शकला. मावशीनं पूर्ण शिस्त पाळली होती. पार्टनरनं त्याचं काम चोख केलं होतं. ज्याच्याकडे उत्तर मागायचं होतं तो या साखळीत कधी आलाच नव्हता.

हे 'फक्त सहकारातला भ्रष्टाचार' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. १९०४ च्या कायद्यात निदान आडवी जबाबदारी होती, सगळे सगळ्यांना बांधलेले. ती चालली नाही, पण कल्पना तशी होती. पिग्मीत जबाबदारी फक्त खालून वर जाते. वरून खाली यायला एकच जिना ठेवलाय, वार्षिक आमसभा. ती दर वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, ताळेबंद मांडावा लागतो, लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो तो सांगावा लागतो. आणि आमसभेला जातं कोण? आमच्याकडे लोक अहवालाचं पुस्तक घेतात, चिवडा-पेढा खातात आणि 'मंजूर मंजूर' ओरडून बाहेर पडतात. बरेच पिग्मीवाले तर पूर्ण सभासदही नसतात, नाममात्र सभासद असतात. त्यांना मतच नाही.

मावशीच्या प्रकरणानंतर मी बाबांना पिग्मी बंद करा म्हणालो. त्यांनी केली नाही. पण कधी नव्हे ते शेअर घेऊन रीतसर सभासद झाले. गेल्या गणपतीत मी गावी गेलो होतो तेव्हा संस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला होता, तो आम्ही दोघांनी ओट्यावर बसून वाचला. थकीत कर्जाचं पान मी समजावून सांगितलं. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाचा तक्ता त्यांनी स्वतःच शोधून काढला, चष्मा पुसून दोनदा वाचला आणि पेन्सिलीनं तीन नावांवर खुणा केल्या.

काका आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी एक पंचविशीतला मुलगा येतो, क्यूआर कोड घेऊन. पण बाबा रोखच देतात. साडेसहाला तो आला की आधी बाबाच विचारतात, "काय रे, ऑडिट वर्ग काय आला औंदा?" पहिल्या दिवशी तो गोंधळला. आता तो ब्रँचमध्ये विचारून येतो, कारण त्याला माहीत आहे, उद्या परत विचारतील.